मोठं निळं झाकण

आमच्या घरात बाटली रिकामी झाली की बाटली फेकायची आणि झाकण ठेवायचं, असा नियम आहे. नियम माझ्या वहिनीचा. लग्न होऊन आली तेव्हा दोन सुटकेसबरोबर तिची एक जडशी कापडी पिशवी होती, आणि ती पिशवी तिने दादालाही उचलू दिली नव्हती. मला वाटलं, दागिने असतील. दुसऱ्या दिवशी तोंड सुटलेल्या पिशवीतून सगळ्या खोलीभर झाकणं घरंगळली.

वहिनी बालवाडीत शिकवते. तीन-चार वर्षांची मुलं. ती नेमकं काय शिकवते असं कुणी विचारलं तर दादा म्हणतो, "पसारा." चूक म्हणता येणार नाही. वस्तू वेगवेगळ्या करायला शिकवणं हे तिचं मुख्य काम. त्याला संस्थेच्या कागदावर 'वर्गीकरण' म्हणतात, वहिनी 'निवडणं' म्हणते. एकसारखं एकीकडे, दुसरं दुसरीकडे. आणि मुलांना निवडता यावं म्हणून आधी कुणीतरी सगळं कालवून ठेवायला लागतं. ते ती घरी करते. चमचे, मोजे, बटणं, चाव्या आणि झाकणं. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीन लावून बसते. कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, चेन बदलणं, पडदे, उशांचे अभ्रे, असली कामं. माझ्या रिळांच्या खणात तिची बटणं सापडतात, आणि माझी मापाची टेप मोज्यांच्या गठ्ठ्यात. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी वहिनीच्या शाळेचं बटण लावून दिलं होतं. तो माणूस परत आला नाही.

"वहिनी, झाकणंच तर आहेत," मी म्हणायची. "अर्धी तरी टाक."

"तुझ्या चिंध्या टाक आधी," ती म्हणायची. दादा पेपर तोंडासमोर धरायचा. आमचं भांडण सुरू झालं की त्याला वाचायची फार आवड.

स्वभावाने ती हट्टी आहे. गोड बोलणं तिला जमत नाही, आणि शाळेत आलेल्या पालकांना तर ती चक्क कंटाळते. एका आईने हौसेने सांगितलं होतं, "आमची शंभरापर्यंत म्हणते." वहिनी म्हणाली, "तिला दोन चपला जुळवून ठेवता येतात का बघा." मुलांना मात्र ती कधी ओरडत नाही. त्यांना ती टोपणनावं ठेवते, पण ती घरी येऊन, आमच्यासमोर. एक गोलमटोल मुलगा आहे, तो बटाटा. एक मुलगी प्रत्येक गोष्टीवर बाजू मांडते, दूध का प्यायचं नाही यावरही. ती वकीलीणबाई.

शिकवायची तिची एक पद्धत आहे आणि तिचा तिला फार अभिमान. सांगायचं नाही, दाखवायचं. समोर दोन वाट्या ठेवायच्या. एका वाटीत एक लाल झाकण टाकायचं, दुसरीत एक निळं. मग ढीग पुढे सरकवायचा आणि हाताची घडी घालून गप्प बसायचं. 'लाल' म्हणायचं नाही, 'निळं' म्हणायचं नाही. तिचं म्हणणं, सांगितलं की मूल ऐकतं, आणि दाखवलं की बघतं. निवडायला बघावं लागतं. मुलं झाकणं टाकत जायची आणि ती प्रत्येकाला शाबासकी द्यायची. माझी मुलं रंगाला कधी चुकत नाहीत, हे वाक्य आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलंय की दादा ते तिच्याआधी म्हणून टाकायचा.

या वर्षी शाळेत मुलं कमी झाली. वर्ग दोन होते, एक वहिनीचा आणि एक छोट्या बाईंचा. या छोट्या बाई म्हणजे वहिनीच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. संस्थेने ठरवलं की दोन्ही वर्ग एकत्र करायचे. मग शिक्षिका एक राहणार, आणि दुसरी मदतनीस. मदतनीस म्हणजे नाकं पुसायची, ओल्या चड्ड्या बदलायच्या, डबे उघडून द्यायचे, आणि शिकवण्यात लक्ष घालायचं नाही. कोण काय होणार हे ठरवायला पर्यवेक्षक बाई येणार होत्या. त्या दोन्ही वर्गांतलं निवडणं बघणार होत्या.

मी घाबरले. वहिनी घाबरली नाही, आणि याचाच मला जास्त राग आला. "त्या छोट्या बाई मुलांकडून पाठ करून घेतायत," मी म्हटलं. "लाल म्हटलं की सगळी मुलं ओरडतात लाल. तूही घे की थोडं घोटून."

"घोटायला ते औषध आहे का?" ती म्हणाली, आणि झाकणं धुवायला घेऊन गेली.

पर्यवेक्षक बाई आल्या त्या दिवशी मी शाळेतच होते. पाहुण्या येणार म्हणून शाळेला एकाएकी पडदे हवे झाले होते, आणि पडदे म्हणजे मी. वहिनीच्या वर्गातल्या खिडकीशी स्टुलावर उभी राहून माप घेत होते. खोली लांबट, भिंतींना हात पोचेल तितक्या उंचीपर्यंत मुलांच्या बोटांचे डाग, कोपऱ्यात छोटंसं बेसिन आणि त्याखाली कायम ओली फरशी. मुलं सतरंजीवर बसली होती. बटाट्याने एक बूट आधीच काढून टाकला होता.

पर्यवेक्षक बाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. त्यांना राक्षसीण ठरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या खाली सतरंजीवर बसल्या, बटाट्याचा बूट त्याच्या हातात दिला, आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज करता तसंच करा बाई. फक्त वस्तू माझ्या घेऊ. आधी रंग बघू." त्यांनी पिशवीतून लाकडी चकत्या काढल्या. मोठ्या लाल आणि लहान लाल, मोठ्या निळ्या आणि लहान निळ्या.

वहिनीने वाट्या मांडल्या. सवयीने तिचा हात गेला तो एका मोठ्या लाल चकतीकडे. ती एका वाटीत टाकली. मग एक लहान निळी दुसरीत. ढीग पुढे सरकवला, हाताची घडी घातली.

वकीलीणबाई पुढे आली. मोठी लाल, पहिल्या वाटीत. लहान निळी, दुसऱ्या वाटीत. मग तिच्या हाताला मोठी निळी लागली. ती तिने न थांबता पहिल्या वाटीत, लालमध्ये टाकली. लहान लाल उचलली आणि निळीच्या वाटीत टाकली. मग दुसरं मूल आलं, मग तिसरं, मग बटाटा. एकाचाही हात अडखळला नाही. बघता बघता एका वाटीत सगळ्या मोठ्या चकत्या झाल्या आणि दुसरीत सगळ्या लहान. मुलांनी शाबासकीसाठी वहिनीकडे पाहिलं.

वहिनीचा चेहरा मी स्टुलावरून बघत होते. तिचे डोळे वाट्यांवरून उठून भिंतीशी ठेवलेल्या तिच्या झाकणांच्या टोपलीवर गेले, आणि तिथेच थांबले. मीही तिकडे पाहिलं. टोपलीत वर वर दिसत होती ती सगळी लाल झाकणं मोठी होती. कॉफीच्या बरण्यांची. आमच्या भागात सगळे तीच कॉफी पितात. आणि निळी झाकणं सगळी लहान होती, पाण्याच्या बाटल्यांची. इतकी वर्षं मुलं तिच्यासमोर मोठं एकीकडे आणि लहान एकीकडे करत होती, आणि तिला वाटत होतं ती रंग निवडतायत. मोठं आणि लाल त्या टोपलीत एकच होतं. कुणाला कळणार होतं?

पर्यवेक्षक बाई हसल्या. मनापासून हसल्या. "हे मोठं-लहान झालं की. छान केलं मुलांनी. तुम्ही दाखवलंही तसंच होतं. मी लहान-मोठ्यापुढे खूण करते, रंग काय, पुढच्या वेळी बघू." आणि त्यांनी पेन उघडलं. खरंच उघडलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

वहिनी, आता गप्प बस, असं मी मनात म्हटलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर मोठ्याने म्हटलं असतं.

"एक मिनिट," वहिनी म्हणाली. तिने दोन्ही वाट्या ओतून दिल्या. सगळं कालवलं. मग एका वाटीत तिने लहान लाल टाकली आणि दुसरीत मोठी निळी, आणि पुन्हा हाताची घडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

मुलांना गंमत वाटली. ती धावत आली आणि त्यांनी पुन्हा तेच केलं. मोठ्या सगळ्या मोठ्या निळीबरोबर, लहान सगळ्या लहान लालबरोबर. रंगाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"यांना रंगावरून निवडता येत नाही," वहिनी म्हणाली. "मी वर्षभर रंग शिकवत होते."

पर्यवेक्षक बाईंनी पेन कागदावर टेकवलं. "मग तसं लिहू?"

"लिहा."

शेजारच्या वर्गात छोट्या बाईंच्या मुलांनी लाल म्हटल्यावर लाल उचललं आणि निळं म्हटल्यावर निळं. भिंतीपलीकडून त्यांचा एकसुरी आवाज येत होता. मी स्टुलावरून उतरले तेव्हा पडद्याचं माप माझ्या लक्षातच नव्हतं. पुन्हा चढून घ्यावं लागलं.

घरी येईपर्यंत मी दम धरला. मग नाही धरला. "पेन उघडलं होतं त्यांनी," मी म्हटलं. "नुसती गप्प बसली असतीस तरी झालं असतं. तुला कुणी खोटं बोल म्हणत नव्हतं. दुसऱ्यांदा कशाला ओतलंस?"

"मला बघायचं होतं."

"काय?"

"पहिल्यांदा मीच मोठं लाल टाकलं होतं. म्हणजे त्यांची चूक होती का माझी, ते कळत नव्हतं." तिने पायातल्या चपला काढल्या, एक इकडे, एक तिकडे. "वर्षभर ती मोठं-लहान करत होती आणि मी शाबासकी रंगाला देत होते. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते गं. सांगू नका, बघा, म्हणून जगाला शिकवत फिरले, आणि मी कुठे बघत होते?"

दादा म्हणाला, "जाऊ दे. मोठं-लहान तरी आलं ना त्यांना." दादाने पेपरच वाचावा.

पुढच्या सोमवारपासून वहिनी मदतनीस झाली. पाटी बदलायला कुणाला वेळ नव्हता म्हणून तिच्या जुन्या खोलीवर अजून तिच्याच वर्गाचं नाव होतं आणि आत कागदाची रिमं ठेवलेली होती. छोट्या बाई तिला अजून 'बाई' म्हणत, आदराने म्हणत, आणि म्हणत, "बाई, जरा तेवढं पुसून घेता?" यात छोट्या बाईंचा काही दोष नाही असं वहिनी म्हणते. मी तसं म्हणत नाही.

मला वाटलं होतं, आता ती झाकणं जातील. उलटंच झालं. ती त्या झाकणांच्या हात धुऊन मागे लागली. औषधाच्या दुकानात कामाला असलेली मुलगी पूर्वी वहिनीच्या वर्गात होती. तिला वहिनीने विनाकारण विचारलं, "ती निळी पेटी दाखव गं." तिने निळी पेटी काढून दिली. "माझ्याकडून नाही शिकली ही," वहिनी रस्ताभर म्हणत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "अगं, मुलं रंग रस्त्यावरही शिकतात. तुझ्यावाचून अडलं नाही कुणाचं. खूश हो."

"मग मी कशाला आहे?" ती म्हणाली. मला धीर द्यायचा होता आणि मी हे करून बसले होते. मी भाजीवाल्याशी घासाघीस करायला थांबले.

त्या संध्याकाळी तिने घरातली सगळी झाकणं पुढच्या खोलीत ओतली. मशीनपासून दारापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. मला म्हणाली, "मोठी निळी काढ."

"कशाला?"

"एक तरी मोठं निळं असतं ना ढिगात, तर त्यांचा हात अडला असता. आणि मला दिसलं असतं. काढ."

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून शोधत होतो. नंतर दादाही खाली बसला, म्हणजे प्रकरण किती वाढलं होतं ते समजा. लाल मोठी, लाल मोठी, निळी लहान, हिरवी, पांढरी, पुन्हा लाल मोठी. एवढ्या वर्षांच्या एवढ्या ढिगात मोठं निळं झाकण एकही निघालं नाही. माझे गुडघे सोलवटले आणि डोकं उठलं. "आयुष्यभर साठवलीस," मी म्हटलं, "आणि पाहिजे ते एक नाही." तिने सगळी झाकणं पुन्हा पिशव्यांत भरली, आणि मी तिला मदत केली नाही.

पण मग तो रोग मला लागला. दुकानात गेले की माझे डोळे बरण्यांच्या डोक्यावर. लोकांच्या स्वयंपाकघरांत डोकावू लागले. एक नर्सबाई माझ्याकडे गणवेश आत घ्यायला देतात. त्यांच्याकडे कपडे पोचवायला गेले तर ओट्यावर एक भला मोठा डबा, त्यांच्या व्यायाम करणाऱ्या नवऱ्याच्या पावडरीचा, आणि त्याला गडद निळं, बशीएवढं झाकण. मी शिलाईचे पैसे घ्यायचे विसरले. म्हटलं, "ताई, हे झाकण मला देता का?" त्या म्हणाल्या, डबा अर्धा भरलेला आहे. मी म्हटलं, "माहितीये." त्यांनी माझ्याकडे, नर्स लोक पेशंटकडे बघतात तसं पाहिलं, डब्यावर ताटली ठेवली आणि झाकण मला दिलं.

घरी आणून मी ते वहिनीसमोर ठेवलं. शाबासकीची वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. तिने दोन वाट्या मांडल्या. एकीत मोठं लाल टाकलं, दुसरीत लहान निळं. आणि ते झाकण माझ्याच हातात परत दिलं. "टाक."

मी हात पुढे केला. मोठ्याकडे नेला. मग निळ्याकडे नेला. हातात ते झाकण धरून मी तशीच उभी राहिले. मला सगळं माहीत होतं तरी. वहिनी हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या वर्गात बसलं की कसं वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने ते शाळेत नेलं. शिकवायची परवानगी नव्हती, पण शाळा सुटल्यावर पालक येईपर्यंत मुलं मदतनिसाजवळ बसतात. तेवढा वेळ तिचा. तिने छोट्या बाईंच्या वर्गाच्या कोपऱ्यात, कोरड्या फरशीवर, दोन वाट्या ठेवल्या आणि ढिगात ते एक झाकण मिसळलं. वकीलीणबाई येऊन बसली. बडबडत होती. मोठी लाल झाकणं टाकत गेली, लहान निळी टाकत गेली, बडबड चालूच. मग तिच्या हाताला ते लागलं.

"आणि ती गप्प झाली," वहिनी मला सांगत होती. त्या दिवशी तिने चपलाही काढल्या नव्हत्या. "तिचं तोंड बंद झालेलं मी कधी बघितलेलं नाही. झाकण हातात धरून इकडे बघते, तिकडे बघते. एका वाटीवर हात नेला, मागे घेतला. दुसरीवर नेला. माझ्याकडे बघितलं. मी काही म्हटलं नाही. पुन्हा झाकणाकडे बघितलं, उलटं करून बघितलं. आता टाकणार, एवढ्यात..."

"एवढ्यात काय?"

"एवढ्यात बटाट्याने चड्डी ओली केली. छोट्या बाईंनी हाक मारली."

"मग?"

"मग काय? मदतनीस आहे मी. गेले."

तिने बटाट्याला धुतलं, पुसलं, दुसरी चड्डी चढवली. बटाटा बटाट्याच्या गतीने चालतो. ती परत आली तेव्हा वकीलीणबाईला तिचे आजोबा घेऊन गेले होते. आणि कोपरा स्वच्छ होता. छोट्या बाईंनी, वहिनीला त्रास नको म्हणून, दोन्ही वाट्या पिशवीत ओतून, पिशवीला गाठ मारून, पिशवी खुंटीला लावून ठेवली होती.

मी मशीनवरचा पाय काढला. "मग उद्या पुन्हा दे तिला."

"उद्या तिला माहीत असेल. पहिल्यांदा एकदाच असतं."

"छोट्या बाईंना विचारायचं ना, कुठल्या वाटीत होतं. ओतताना दिसलं असेल की."

"विचारलं." वहिनीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "म्हणाल्या, लक्ष नाही गेलं बाई. झाकणच तर होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेपर खाली करून दादाने विचारलं की काय झालं, तर मला त्याला धड सांगताही येईना.